दिनकरअण्णांचा हिरवा टॅग

मुलांनो, आमच्या खालच्या मजल्यावरचे दिनकरअण्णा मोटरसायकलचा एअर फिल्टर पारखताना तो आधी स्वतःच्या नाकातोंडावर दाबून धरतात आणि पार्किंगपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढतात. वर पोचले की दम किती लागला ते वहीत लिहितात.

"इंजिन म्हणजे काय अक्का, श्वासच की! मला सोसंल तेच गाडीला सोसंल."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभी होते. मला वाटलं, यांना डॉक्टरकडे न्यायला हवं.

अण्णा मूळचे निपाणीचे. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांचा सारा जन्म तपासणी खात्यात गेला. नापास मालाला लाल टॅग, पास मालाला हिरवा, खाली सही. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना शालीबरोबर टॅगचा एक गठ्ठाही दिला. तेव्हापासून आमची इमारत तपासणीखाली आहे. लिफ्टच्या दाराला लाल टॅग, वॉचमनच्या खुर्चीला लाल टॅग. माझ्या कुकरलासुद्धा एकदा लावला, त्यावर लिहिलं होतं: 'दुसरी शिट्टी आळशी.' हिरवा टॅग मात्र आमच्या तळ्याकाठच्या अख्ख्या बेळ्ळंदूरमध्ये कुणी पाहिलेला नव्हता.

मोटरसायकल त्यांची नव्हे, त्यांच्या मुलीची, केतकीची. निळीशार, पोटावर झोपल्यासारखं वाकून चालवायची. अण्णांची बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. केतकीला पुण्यात नोकरी लागली आणि तिने जाहीर केलं, की ती मोटरसायकलवरूनच जाणार. अण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सरी, जा. पण फिल्टर मी निवडणार. माझा टॅग लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही." रिंग रोडच्या धुळीने जुना फिल्टर खरोखरच संपला होता, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. हजर व्हायला तीन आठवडे होते.

फिल्टर तीन जातींचे असतात, हे मला या वयात कळलं. कागदाचा धूळ उत्तम अडवतो, मळला की फेकायचा. फोमचा मधलाच. आणि तेल लावलेला सुती, जो हवा भरपूर सोडतो, गाडीला जोर आणतो आणि धुऊन पुन्हा वापरता येतो. अण्णांनी तिन्ही जातींचे मिळून सात फिल्टर नापास केले. एकाची कड स्वल्प वाकडी, एकाच्या घड्या सारख्या नाहीत, एकाला वास. सुट्या भागांचा दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की अर्धं शटर ओढून घेई.

सुती फिल्टरवर तर त्यांचा विशेष राग. त्याचं तेल लालभडक असतं, हे जिना चढण्याच्या भरात त्यांच्या लक्षात आलं नाही. तसेच ते सोसायटीच्या सभेला आले आणि नाकातोंडाभोवती लाल चौकोन घेऊन पाण्याच्या टँकरवर पाच मिनिटं बोलले. शेवटी सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "अण्णा, यंदा होळी लवकर?"

"तपासणी चाललीय," अण्णा म्हणाले आणि पुन्हा टँकरवर आले.

दुसऱ्या दिवशी ते त्याच फिल्टरचं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. "अक्का, तुमचं इंग्लिश पक्कं. बारीक अक्षर वाचून सांगा."

मी वाचलं. हलक्या हाताने धुवा. उन्हात ठेवू नका, हीटर किंवा ड्रायर लावू नका. सावलीत पूर्ण वाळू द्या, तोवर गाडी चालवू नका. त्यानंतरच तेल लावा, तेही बेताने.

"हा फिल्टर हाय का बाळंतीण?" अण्णा भडकले. मग मात्र त्यांनी वही उघडली. "ते वाळवायचं परत एकदा वाचा," म्हणाले. मी वाचलं. त्यांनी ते वहीत उतरून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी दशम्यांचा डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. केतकी हेल्मेट हातात धरून उभी होती. हँडलला हिरवा टॅग लटकत होता, खाली अण्णांची वळणदार सही.

"मावशी, बघा ना, शेवटी सुतीच बसवला!" ती मला म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "अप्पा, तुमच्या वहीत कागदाचा पहिला होता ना?"

"कागदाचा काय, तिकडं कोपऱ्यावरचा कुणीबी बदलून देईल. हा धुवावा लागतोय. तुला जमायचं नाही, ओल्यावरच तेल ओतशील. इकडं घेऊन ये."

"कधी?"

"पुस्तकात काय का लिहिलेलं असंना. पुण्यात धूळ लई. दर तीन महिन्याला आण."

केतकीने वडिलांकडे बघितलं. टॅग सोडवला, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मग गाडी खर्जात गुरगुरत फाटकाबाहेर गेली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत अण्णा कान देऊन उभे होते.

"श्वास बरा घेतीया," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये मी सहज विचारलं, "अण्णा, तो फिल्टर वाळायला किती वेळ लागतो हो?"

"पुस्तकात एक दिवस हाय, अक्का." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पण आपली तळ्याकाठची हवा ओली. तीन दिवस धरा की."