विराजच्या कानामागची महामाया

विराजने बुकिंग करताना ‘स्टुडंट’ या शब्दावर दोनदा क्लिक केलं, आणि करुणाच्या हनिमूनचं तिथेच, ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या त्यांच्या एका खोलीत, वाटोळं झालं. तिला ते कळलं मात्र जावा बेटावर पोचल्यावर.

तसा दोष सवयीचा. (असं विराज म्हणतो.) ट्रेनला स्टुडंट, सिनेमाला स्टुडंट, केस कापायला गेला तरी आधी कार्ड पुढे, मग डोकं. त्या वर्षी युनिव्हर्सिटीत आपली पोरं इतकी आली होती की बसस्टॉपवर मराठीत शिवी दिली तर दोघंतिघं वळून बघायची. त्यामुळे बायको ही स्टुडंट नसून स्टुडंटची बायको आहे, हा बारकावा त्याच्या लक्षात आला नाही. बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाच्या गेटवरच्या माणसाच्या मात्र लगेच आला.

“मॅडमचं कार्ड?”

मॅडमकडे कार्ड नव्हतं, आणि स्तूपावर चढायची त्या दिवसाची बाकी तिकिटं संपली होती. संध्याकाळचं परतीचं विमान ठरलेलं. करुणाने त्या स्तूपाविषयीची पुस्तकं शाळेपासून वाचली होती. निघताना पिंपरीहून पप्पांनी फोनवर सांगितलं होतं, “वर पोचलीस की माझ्या वतीनं त्रिशरण म्हण, बाळा.”

एखादा नवरा म्हणाला असता, जाऊ दे, मग मीही जात नाही. विराज म्हणाला, “निदान एक तिकीट तरी वाया नको जायला. तू बॅगा बघ, मी पटकन जाऊन येतो.”

आणि गेला. खरोखर गेला.

पटकन मात्र आला नाही. आला तो घामाघूम, प्रसन्न. वर चढताना घालायला दिलेल्या विणलेल्या चपला त्याने तिच्या हातात ठेवल्या. “घे, तुझ्यासाठी. वर जाऊन आल्यात.” मग तिच्यादेखत पप्पांना फोन लावून म्हणाला, “हो पप्पा, दोघंही जाऊन आलो. काय ती शांतता.”

शांतता होती खरी. तिथून सिडनीपर्यंत करुणा एक अक्षर बोलली नाही. विराजला वाटलं, भारावली आहे.

पुढच्या रविवारी सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला शोभाकाकू-दीनानाथकाकांकडे बुद्धवंदना होती. वंदना झाली, चहा झाला, आणि विराजने न सांगता मोबाइल टीव्हीला जोडला. पहिल्या फोटोत विराज. दुसऱ्यात विराज, जरा डावीकडे. तिसऱ्यात विराजच्या दोन नाकपुड्या आणि आभाळ.

“अरे, स्तूप कुठाय?” दीनानाथकाकांनी चष्मा पुसून विचारलं.

“मागे आहे ना, काका.”

“मागे म्हणजे नक्की कुठे? तू जरा सरक की.”

“फोटोत कसा सरकू?”

“मग करुणा, तूच सांग गं,” काकू म्हणाल्या. “तुझे पप्पा ग्रुपवर लिहीत होते, लेक माथ्यावर जाऊन आली म्हणून.”

करुणा उठली. रागाने तिचे कान तापले होते, पण बोट टीव्हीकडे शांतपणे गेलं. “याच्या डाव्या कानामागे, त्या कोरीव भिंतीवर, राणी महामाया झोपलीय. तिला हत्तीचं स्वप्न पडतंय. हत्ती याच्या केसांत अडकलाय. पुढच्या फोटोत सिद्धार्थ तलवारीने केस कापतोय, त्यातली तलवार तेवढी दिसते. आणि ही सुजाता. खिरीचं भांडं याच्या खांद्यावर ठेवल्यासारखं दिसतंय, पण ते याच्यासाठी नाही.”

खोली हसली. विराजही हसला. (त्याला वाटलं, कौतुक चाललंय.)

“बघा, किती बारकाईनं पाहिलंय पोरीनं,” काका म्हणाले.

इथे करुणाच्या रागाला घर पुरेना.

“मी काही पाहिलेलं नाही, काका. हे सगळं पुस्तकातलं. मी वर गेलेच नाही. यानं माझंही तिकीट स्टुडंटचं काढलं, मला खाली बॅगांजवळ बसवलं आणि एकटा वर गेला. आणि पप्पांना खोटं सांगितलं.”

विराजने टीव्हीकडे पाहिलं. तिथेही तोच होता.

करुणा वाट बघत उभी राहिली. आता कुणीतरी याला फाडून खाईल, निदान काकू तरी. काकूंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली, तिचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणला.

“खाली बसायला सावली आहे का गं?”

“आहे,” करुणा चाचरली. “झाडं आहेत. बाकंही.”

“आणि टॉयलेट?”

“जवळच आहे.”

“अहो, ऐकलंत का?” काकूंचा चेहरा उजळला. “माझ्या गुडघ्यांमुळेच आपलं जाणं अडलं होतं ना? आता पुढच्या वर्षी सगळेच जाऊ. विराज तुम्हा लोकांना वर घेऊन जाईल, त्याला रस्ता माहीत झालाय. आणि ही खाली माझ्याजवळ बसेल.”

दीनानाथकाकांनी मान डोलावली. “उत्तम. म्हणजे बॅगांचीही काळजी नाही.”