मुकादमाच्या डोक्यावरची काच

काचेतलं मला कुणी काही शिकवू नये. खिडक्या, आरसे, माशांच्या टाक्या, हयात गेली यात. माझ्या दुकानाच्या दाराची काच इतकी स्वच्छ असते, की गिऱ्हाइकं तिच्यावर डोकं आपटून घेतात. ती तक्रार करतात आणि मी कौतुक म्हणून ऐकतो. त्यामुळे मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मुकादमाची यूव्हीबी ट्यूब बदलायला झालीय, नीट चौकशी करून आणा," तेव्हा मी म्हणालो, "उजेडाचंच काम ना? मग झालंच समज."

मुकादम म्हणजे तिचा सरडा. वाळवंटातली दाढीवाली जात, शेपटीसकट हातभर लांब. दिवसभर दगडावर बसून घरात कोण काय करतंय ते बघत असतो, म्हणून मुकादम. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि तो मागे राहिला, कारण तिच्या हॉस्टेलात सरडा चालत नव्हता. जाताना आमचं कडाक्याचं वाजलं होतं. पुढे दुकान तीच सांभाळणार, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

तेव्हापासून ती आईशी तासभर बोलते आणि माझ्याशी फक्त मुकादमाबद्दल. "खाल्लं का त्यानं? दाखवा बघू." मग पडद्यावरून त्याला म्हणते, "हात कर बघू," आणि तो पुढचा पाय उचलून सावकाश गोल फिरवतो. मी फोन धरून उभा. बोलणं एवढंच, पण त्याच्यावर माझा पुढचा दिवस निघायचा.

ट्यूबच्या बाबतीत मी काडीची कुचराई केली नाही. पाळीव प्राण्यांच्या सामानाचा दुकानदार म्हणाला, छोटा बल्ब नको, लांब ट्यूब घ्या. ऊब देणारा दिवा वेगळा आणि ट्यूबचे हे अतिनील किरण वेगळे, ते मिळाले नाहीत तर याची हाडं मऊ पडतात. मी सगळं ऐकलं आणि त्याच्याकडची सगळ्यात चांगली ट्यूब आणली. "टाकीच्या जाळीवर ठेवा," असं तो म्हणाला, तेवढं मात्र मला पटलं नाही. काचवाल्याच्या घरात गंजकी जाळी? मी काचेचं झाकण केलं. कडा घासून गुळगुळीत, हवेसाठी भोकं, उचलायला बोटापुरती खाच. वर ट्यूब ठेवली. टाकी अशी उजळली की बायको म्हणाली, "दागिन्यांचं दुकान वाटतंय हो."

त्या दागिन्यांच्या दुकानात मुकादम हळूहळू विझत गेला. किडे त्याच्या नाकासमोरून फिरायचे आणि हा बघायचासुद्धा नाही. पुढे पाय थरथरायला लागले.

"पोरीची आठवण येतेय त्याला," बायको म्हणाली.

मला ते लगेच पटलं, कारण घरात आम्हा दोघांची तीच तऱ्हा होती.

"डॉक्टरांना दाखवू या," ती म्हणाली.

"आठवणीवर डॉक्टर काय देणार?" मी म्हणालो, आणि उजेड कमी पडू नये म्हणून झाकणाची काच दोनदा जास्त पुसली. खरं सांगतो, मी पार घाबरलो होतो. हा गेला तर मुलीनं माझ्याशी बोलायचं कशाबद्दल?

त्या संध्याकाळी फोन आला. "हात कर बघू." मुकादम ढिम्म. मी फोन बायकोच्या हातात कोंबला, मागून टाकीत हात घातला आणि दोन बोटांनी त्याचा पाय फिरवला.

पडद्यावर ती पुढे झुकली.

"बाबा, त्याच्या काखेत तुमचा अंगठा दिसतोय."

मी अंगठा काढला. पाय पडला तसाच पडून राहिला.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचा जबडा हलकेच दाबून पाहिला. तो रबरासारखा दबला.

"ट्यूब कुठली वापरता?"

"सगळ्यात चांगली."

"ट्यूब आणि याच्यामध्ये काही आहे का?"

"काच आहे. पण बाई, असून नसल्यासारखी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे किरण काचेतून जात नाहीत. त्याला नुसता उजेड मिळाला."

"वाचेल?"

"औषध देते, कॅल्शियम देते. काच काढा. वाकलेला पाय मात्र तसाच राहील."

मी मुकादमाला आणलेली पेटी उचलायला वाकलो आणि नेहमीसारखा कण्हत कमरेला हात लावला.

"तुम्ही दिवसभर कुठे बसता?" बाईंनी विचारलं.

"दुकानात. काचेतून छान ऊन येतं."

बाईंनी आधी मुकादमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हीपण तुमच्या डॉक्टरांना दाखवून या," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मीच मुलीला फोन लावला. "काच मी बसवली होती. माझ्यामुळे झालं हे."

ती म्हणाली, "येते मी."

आली, तशी आधी टाकीपाशी गेली. मी काढून ठेवलेलं झाकण उचललं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "काम सुरेख केलंय," एवढंच म्हणाली आणि ते भिंतीला टेकवून ठेवलं. तिच्या हातून मुकादम थेंब थेंब औषध प्यायला, मग पानं खायला लागला. तोवर तिला सरडा चालेल अशी एक खोली मिळाली होती. ती त्याला घेऊन गेली. टाकीच्या जागी टेबलावर नुसता चौकोनी डाग राहिला. आता फोन येणार तो आईला, मला कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला.

"मुकादम बरा आहे ना?" मी घाईनं विचारलं.

"खातोय. तुमचं काय? आईनं रिपोर्ट सांगितला तुमचा, ड जीवनसत्त्व कमी निघालंय म्हणे. उन्हात बसलात का?"

"बसलोय की."

"काचेच्या आत की बाहेर?"

"बाहेर."

"मग व्हिडिओ लावा."

मी खुर्ची उचलली आणि धावलो. कपाळ दारावर असं आपटलं की अख्खं दुकान हादरलं. काच मात्र माझी, साधा तडासुद्धा गेला नाही.

"काय पडलं?"

"काही नाही, दार उघडलं." फुटपाथवर खुर्ची टाकली, टेंगळावर एक हात दाबून बसलो आणि व्हिडिओ लावला.

ती बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडे. सरडा मध्ये नव्हता.

"हात करा बघू," ती म्हणाली.

मी दुसरा हात उचलला आणि सावकाश गोल फिरवला.