साखरेचं इन्स्पेक्शन

सोमवारी उपाशीपोटी साखर तपासायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि हेमचंद्ररावांच्या घराला इन्स्पेक्शन लागलं. ते वैजापूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. साहेब यायच्या आधी चार दिवस कचेरी चकाचक करायची आणि त्यांची जीप वळली की मूळपदावर यायचं, या धोरणावर त्यांनी उभी नोकरी बिनडाग काढली होती. आता प्रश्न चहातल्या दोन चमचे साखरेचा होता. त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी साखरेचा डबा कुलपात घातला होता. रिपोर्ट चांगला आला, तरच कुलूप निघणार होतं.

गुरुवारपासून कारल्याचा रस सुरू झाला. शेजाऱ्यांचा कडुनिंब खालच्या अंगानं बोडका झाला. सिडकोतल्या बागेला त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या की वॉचमन त्यांच्या मागून फिरू लागला. रविवारी दुपारपासून जेवण बंद आणि पाणीसुद्धा बंद.

"अहो, रात्रीचे आठ-दहा तास खायचं नाय, एवढंच म्हणल्या बाई. साधं पाणी चालतं!"

"उपाशी म्हंजे उपाशी! तसंही नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतंय. तेवढंच वाचलं."

सोमवारी सकाळी लॅबमधल्या मोनिकानं डाव्या हातात सुई घातली. काही नाही. उजव्या हातात घातली. तिथंही कोरडं.

"काका, शीरच सापडंना. पाणी पिलं नाय का?"

रांगेतले करमाडचे अप्पाराव उठून जवळ आले. "ताई, जागा चुकली. माझे चार बोअर असेच वाया गेले. थांबा, नारळ आणतो. तळहातावर आडवा धरायचा, शिरंवर आला की उभा ऱ्हातो. लई खात्रीचं काम!"

मोनिकानं अप्पारावांना खाली बसवलं आणि हेमचंद्ररावांना तांब्याभर पाणी पाजलं. थोड्या वेळानं रक्त लागलं. अप्पारावांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्रराव डॉक्टरीणबाईंसमोर छाती फुगवून बसले.

"ब्याण्णव. छान! पण ही फक्त त्या सकाळची साखर. त्याच रक्तातून मी दुसरी तपासणीही सांगितली होती, मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते तिच्यात. ती बरीच वाढलीय."

"तीन महिन्यांची? ती कोण सांगतं?"

"तुमच्याच रक्तातल्या लाल पेशी. साखर त्यांना चिकटून राहते. चार दिवसांत त्या बधत नाहीत."

"घरात कुणीतरी इमानदार निघालं म्हणायचं," शेजारी बसलेल्या यमुनाबाई म्हणाल्या.

हेमचंद्ररावांनी खुर्ची पुढं सरकवली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"बाई, त्या पेशींची बदली नाय का करता येणार?"