आमच्या घरचं कल्चर

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! ऑफिसात कुणाचंही घोडं शब्दावर अडलं की तो माझ्याच टेबलापाशी येतो. त्यात 'कल्चर' म्हणजे तर माझ्या हातचा मळ!

त्याचं असं झालं. माझ्या धाकट्या बहिणीने स्वतःच मुलगा पसंत केला आणि त्याची आई आमच्याकडे जेवायला यायची ठरली. मुलाने आधीच सांगून ठेवलं, "आईचं बाकी काही नाही हो. ती फक्त घरचं कल्चर बघते."

झालं! घरात एकच धांदल. बाबांचा ताप हटत नव्हता, त्यांची लघवी तपासायला लॅबमध्ये दिली होती, त्यात ही पाहुणी. आई रडकुंडीला आली.

"अरे, कल्चर म्हणजे नेमकं बघणार तरी काय?"

"सुसंस्कृतपणा!" मी म्हणालो. "म्हणजे चहा फुर्र करून प्यायचा नाही, आतल्या खोलीतून हाका मारायच्या नाहीत आणि बाबांनी बनियनवर बाहेर यायचं नाही!"

काकू आल्या. मी स्वतः आग्रह करकरून वाढलं. त्या 'नको, नको' म्हणत ताटावर हात आडवे धरत होत्या, मी बोटांच्या फटीतून वाढत होतो. सगळं झकास चाललेलं, आणि बाबा तापाच्या गुंगीत बनियनवरच बाहेर आले, काकूंच्या ग्लासातलं पाणी घटाघटा प्यायले आणि आत निघून गेले! बहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. काकू जाताना "कळवते" एवढंच म्हणाल्या.

मग काय, फोन वाजला की बहीण दचकायची. बाबांचा ताप उतरला, पण पोरीच्या घशाखाली घास उतरेना. अशात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज.

"कल्चरचं कळवायचं होतं."

"बोला काकू, बोला!"

"निगेटिव्ह आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच वाढलं नाही."

"वाढलं नाही? अहो, मी स्वतः वाढलंय!"

"नाही हो. आम्ही भरपूर वाट पाहिली. काही म्हणजे काही वाढलं नाही. आता वडिलांचा नमुना परत—"

"नमुना? माझ्या बाबांना नमुना म्हणता?"

फोन कट! माझं डोकंच फिरलं. तो नंबर परत लावला तर एंगेज! मग बहिणीचा फोन ओढून घेतला आणि काकूंचा नेहमीचा नंबर लावला.

"फोन ठेवता काय? आमचं कल्चर काढता? ताटात बोट ठेवायला जागा नव्हती तुमच्या, आणि वाढलं नाही म्हणता? अहो, ताप होता बाबांना, म्हणून आले बनियनवर! त्यांना नमुना म्हणायचं काम नाही!"

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली, हातात तिचा फोन.

"अरे, लॅबवाल्या बाईंवर ओरडलास काय तू? कल्चर म्हणजे ते जंतूंचं रे! लघवीत काही वाढलं नाही, जंतूच नाहीत! नमुना परत द्यायची गरज नाही म्हणत होत्या बिचाऱ्या!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांची काळजी मिटली म्हणून मलाही भरून आलं. मग लक्षात आलं, आपल्या कानाला फोन आहे. बहीण तर भिंत धरूनच उभी.

"क... काकू?"

आणि पलीकडून खो खो हसण्याचा आवाज! "अहो, मी होकारच कळवणार होते. तुमचे बाबा माझ्या ग्लासातलं पाणी प्यायले ना, तेव्हाच ठरवलं. इथे माझ्या मुलाला परकं वाटायचं नाही."

हुश्श! बहिणीने आईला मिठीच मारली. मी जरा धीर करून विचारलं, "म्हणजे काकू, तुम्ही बाबांना नमुना म्हणाला नव्हतात ना?"

"छे हो! त्यांना कशाला म्हणू?" काकू म्हणाल्या. "नमुना तर मला आज भेटला!"

हल्ली आमच्याकडे फोन आईच उचलते.