इंजिनावर छत्री धरणारा हरी

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचा हरी शेतात उघड्या डोक्याने उभा असायचा आणि छत्री धरायचा पाणी उपसायच्या डिझेल इंजिनावर. इंजिनासाठी त्याने झोपडी बांधली होती. पण इंजिन कधी आत गेलं नाही. तिथे शेळी राहायची.

"इंजान भायेरचा मानूस. त्याला घरात घेयाचा नाय," हे तो दिवसातून दहादा बोलायचा.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला लाइट गेली, म्हणून पडवीत जनरेटर लावला. हरीने एकट्याने तो ओढत खळ्यापलीकडे नेला. वायर पुरेना. मग वायरीमागे माइक गेला, माइकमागे पाहुणे गेले आणि अंगठ्या घातल्या त्या उकिरड्याजवळ.

व्याही म्हणाले, "तुमच्यात असाच करतात का?"

मी म्हणालो, "हो. पहिल्यापासून."

गावची अब्रू होती.

थंडीत कोणी दार लावून शेगडीजवळ बसलं की हरी दार ढकलून येणार, खिडकी उघडणार आणि "बसा" म्हणून निघून जाणार.

मी चौथी शिकलेला. पण विहिरीतलं मला कोणी शिकवायचं नाही. आमच्या खर्डीकडे एप्रिलात पाणी खोल गेलं की इंजिन काठावरून पाणी ओढत नाही. मग ते दोराने विहिरीतल्या टप्प्यावर उतरवायचं. माझ्या बापाने उतरवलं, मीही उतरवत आलो. त्या साली भेंडी सुकायला लागली, तसं मी चार माणसं लावून इंजिन उतरवलं. माणसं गेली आणि हरी काठावर येऊन बसला.

"नाना, वर काढ."

"तुझ्या बापाची हीर हाय का?"

"नाय, तुझीच हाय. म्हनून तर सांगतंय."

"भेंडी सुकते रे माझी!"

"सुकू दे. तू रहा."

मी तंबाखू मळायला वळलो. तेवढ्यात काठावरचं हँडल आणि हरी दोन्ही गायब. हँडल मारल्याशिवाय ते इंजिन म्हणजे नुसतं वजन.

मी तडक त्याच्या घरी गेलो. वाटेत शिव्या जुळवत होतो. हरी एकटाच राहतो. दार सताड उघडं, खिडक्याही. खुंटीवर माझं हँडल होतं. बाजूच्या खुंटीवर दुसरं, जुनं, तेल लावून पुसलेलं.

"हा कोनाचा?"

"आमचाच. बाळूच्या येळचा."

बाळू त्याचा धाकटा भाऊ. ऐन जवानीत विहिरीत गेला. पाण्यातल्या आसरांनी ओढला, असं गावाने ठरवलं. ठरवणाऱ्यांत मी पुढे होतो. आसरांना नारळ मीच फोडला होता.

"आसरा नव्हत्या, नाना," हरी म्हणाला. "इंजान खाली होता. मी बंद केला. पायपाचा वॉल अडाकला म्हनून बाळू उतरला. धूर नाय, वास नाय. मी वरून इचारला, 'झाला का रे?' तो बोलला, 'येतंय.' मंग बोललाच नाय. डाक्टर बोलला, इंजानाचा वायू खाली कोंडून रायला होता. इंजान बंद झाला तरी तो जात नाय. मानूस झोपल्यावानी जातो."

मग खुंटीकडे बघत म्हणाला, "हँडल मी मारला होता."

जुळवलेल्या शिव्या तोंडातच राहिल्या. मी म्हणालो, "चा ठेव." चहा ठेवायला तो अंगणात गेला. चूलसुद्धा त्याने बाहेरच मांडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच चार माणसं बोलावून मी इंजिन वर ओढून घेतलं. हँडल मागायला गेलो नाही. बादली आणि दोर घेऊन भेंडीपुरतं पाणी शेंदायला लागलो. अर्धी जगली असती तरी पुष्कळ. ऊन चढलं आणि एकदम डोक्यावर सावली आली. मागे हरी उभा होता, उघड्या डोक्याने, छत्री माझ्यावर धरून.

मी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि दोराचं मोकळं टोक त्याच्या हातात दिलं.