चौथं पातं

आमच्या घरात पाऊल टाकलं की भास्करराव आधी छताकडं बघतात. माणसांकडं नंतर. चप्पल काढतानाच मान वर असते, त्यामुळे त्यांची एक चप्पल उंबऱ्याच्या आत आणि दुसरी बाहेर पडलेली असते. मग ते पंख्याखाली उभे राहतात, डोळे मिटतात आणि हात वर करून आम्हाला गप्प बसवतात. टीव्ही चालू असला तर तोही बंद करायला लावतात. जरा वेळानं निदान येतं.

"बापूराव, याला कफ झालाय."

आमच्या हॉलमधल्या पंख्याला कफ आहे, स्वयंपाकघरातल्या पंख्याला संधिवात. गल्लीतल्या निवृत्त मास्तरांच्या पंख्याला उचकी लागते. आजार वेगवेगळे असले तरी इलाज एकच. खिशातून पेचकस काढायचा, दिसेल तो स्क्रू जीव खाऊन आवळायचा आणि म्हणायचं, "बिलकुल फिट."

भास्करराव येलदरीच्या वीजघरात नोकरीला होते. तिथले नट माणसाच्या मुठीएवढे. ते आवळायला अंगाचा भार टाकावा लागायचा. नोकरी संपली, हाताची सवय संपली नाही. एकदा त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बिलकुल फिट केला. गळती थांबली हे खरं, पण त्यानंतर तो नळ बायकोला उघडेना. मलाही उघडेना. तेव्हापासून नळाशेजारी एक पक्कड टांगलेली आहे आणि पाहुण्यांना आधी तिचा उपयोग समजावून सांगावा लागतो.

वीजघरातली आणखी एक रीत त्यांनी घरी आणली. तिथं एकानं हुकूम द्यायचा आणि दुसऱ्यानं तो जसाच्या तसा मोठ्यानं परत बोलायचा. त्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. साधा बल्ब बदलायचा असला तरी भास्करराव मीटरपाशी उभे राहून ओरडतात, "लाइन बंद." आपण "लाइन बंद" म्हणायचं. नुसतं "हो" म्हटलेलं चालत नाही. माझा जन्म एका पतसंस्थेत आकडे दोनदा ताडून बघण्यात गेला, त्यामुळे मला ही रीत पसंत आहे. बाकी गल्ली वैतागते.

भास्कररावांची बायको चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी नांदेडला दिलेली. आमच्या भिंतीला लागूनच दोन खोल्या आणि वऱ्हांडा एवढ्या घरात ते एकटेच राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ लोकांच्या पंख्यांची विचारपूस करत हिंडायचे. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची थोरली बहीण चारठाण्याहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला परभणीत आली. तिला सगळी गल्ली आक्काच म्हणायला लागली. ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि धुळीत झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

थेंबांचं काम भास्कररावांनी वीजघराच्या शिस्तीत सुरू केलं. भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचं.

"झाकण उघडं."

"झाकण उघडं," आक्का खाटेवरून म्हणायची.

"डोळा उघडा."

"डोळा उघडा. घाल की आता, मान आखडून गेली माझी."

अडचण झोपेची होती. छताच्या पंख्याखाली झोपायला आक्का तयार नव्हती. चारठाण्याला तिच्याकडं टेबल फॅन होता. इथं पहिल्याच दिवशी तिनं वर बघितलं आणि गोधडी उचलून वऱ्हांड्यात नेली.

"डोक्यावर तलवारी फिरायल्यात, अन् खाली कोण झोपल?"

"आक्का, मी तीस वर्षं झोपायलोय की."

"म्हनून तर असा झालास."

वऱ्हांडा रस्त्याला लागून. ट्रॅक्टर गेला की सगळी धूळ आत. दोन-तीन रात्रींतच डोळा लाल झाला आणि आक्का म्हणाली, "हे काय जमत न्हाई भास्कर. मला चारठाण्याला सोड. तिथं भिंतीआड झोपन. म्हैसबी दुसऱ्याच्या दावणीला हाय." गावी तिला थेंब घालायला कुणी नव्हतं. ते भास्कररावांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू मीच तिला पाठवणार होतो.

मग त्यांनी नांदेडच्या मुलीकडून मोबाइलवर एक पंखा मागवून घेतला. बंद असताना तो नुसता दिवा दिसतो. गोल, पांढरा, ताटाएवढा. चालू केला की आतून चार पाती बाहेर येतात, बंद केला की स्प्रिंगच्या जोरावर परत आत जातात. पातीही काचेसारखी पारदर्शक.

"आक्काला पंखा दिसणारच न्हाई," भास्करराव खोकं उघडताना म्हणाले. "दिवा बसवायलोय म्हनून सांगायचं. बात खतम."

खोक्यातला माहितीचा कागद त्यांनी न बघता बाजूला टाकला. तो मी उचलला. पाती जमिनीपासून किमान सात फुटांवर हवीत असं त्यात होतं. मी टेप लावून खोली मोजली. छत साडेनऊ फूट, पंख्याची उंची एक फुटाहून कमी. बसत होतं. हे मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा भास्करराव शिडीवर चढलेसुद्धा होते.

शिडी आक्कानं धरली. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. मला तिनं हात लावू दिला नाही. "बापू, तुमी कागद वाचा. हा पडला तर माझ्या अंगावर पडल."

पट्टी छताला बसली, वायरी जोडल्या, "लाइन चालू" झालं आणि भास्कररावांनी रिमोटचं बटण दाबलं. दिवा लागला. आक्का खाटेवर बसून कौतुकानं बघत होती. "बेस हाय. पौर्णिमेवानी." तेवढ्यात भास्कररावांचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं. पाती हळूहळू बाहेर आली.

आक्कानं काळा चष्मा जरा वर सरकवला.

"भास्कर, दिव्याला हात कामून फुटायलेत?"

आणि गोधडी पुन्हा वऱ्हांड्यात.

त्यात पंखा घूं-घूं करायला लागला आणि दिवा मिचमिचायला लागला. भास्कररावांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "घसा बसलाय. नवी जागा हाय, नवं पाणी हाय. सुधरंल." मी कागदावरची ओळ वाचून दाखवली. रिमोटच्या पंख्याची वायर भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून न्यायची नाही, नाहीतर तो घरघरतो. भास्कररावांना हे पटेना. रेग्युलेटर नसलेला पंखा त्यांच्या मते बेवारस. बराच वाद झाला. शेवटी आक्का वऱ्हांड्यातून म्हणाली, "काढ की रे ते. त्या मानसानं छापील दाखवलंय, अन् तू तोंडी बोलायलास." रेग्युलेटर बाजूला काढून वायर सरळ जोडली, आणि घरघर गेली. मिचमिचही थांबली.

राहिलं एक. पंखा बंद केला की तीन पाती आत जायची आणि चौथं बाहेरच राहायचं, कुणीतरी बोट दाखवावं तसं. तेही बोट नेमकं आक्काच्या खाटेकडं. कारण शोधायला मला कागदाची गरज पडली नाही. चार पात्यांचे चार स्क्रू भास्कररावांनी बसवण्याआधी तपासले होते, आणि चौथा बिलकुल फिट केला होता.

"अर्धा वळसा सैल करा," मी म्हणालो.

सैल करणे हा प्रकार त्यांना आयुष्यात फारसा करावा लागला नव्हता. वर चढून ते कितीतरी वेळ पेचकस हातात धरून नुसते उभे राहिले. मग तोंड वाकडं करून त्यांनी अर्धा वळसा सोडला, आणि पातं गुमान आत गेलं.

आक्काचं मन वळवायला मात्र आमचं काही कामी आलं नाही. ते काम उन्हानं केलं. एका दुपारी वऱ्हांड्यातली फरशी तव्यासारखी तापली, आक्का आत येऊन खाटेवर आडवी झाली आणि काळ्या चष्म्यातच डोळा लागला. भास्कररावांनी दुरून बटण दाबलं. पाती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. उठल्यावर तिनं विचारलं, "वारं कुठून यायलंय?"

"दिव्यातून."

"बरं हाय," आक्का म्हणाली, आणि त्या दिवसापासून आत झोपायला लागली.

डोळा निवळला. लाली गेली, चष्मा गेला, थेंब चारावरून एकावर आले. आक्का आमच्याकडं येऊन बायकोला ज्वारीच्या पापड्या घालायला मदत करू लागली. एके दिवशी तिनं सांगितलं, "आता जाते बाई. म्हैस किती दिस लोकाच्या दावणीला ठेवू?"

दुसऱ्याच दिवशी भास्करराव सांगत आले की चौथं पातं पुन्हा बाहेर राहायलंय.

मी जाऊन पाहिलं. खरंच. पंखा चालताना काही तक्रार नव्हती, आवाज नाही, हेलकावा नाही. बंद केला की तेवढं एक पातं आत जाईना.

"मुरलेला आजार दिसायलाय," भास्करराव म्हणाले.

आक्का म्हणाली, "असं अर्धं टाकून कशी जाऊ? तू एकटा शिडीवर चढशील. खाली धरायला कोन हाय? तुझा पंखा नीट मिटायला लागू दे, मग जाते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुरुस्ती सुरू झाली. भास्करराव वर, आक्का खाली. मला बोलावणं नसायचं. भिंतीपलीकडून फक्त "लाइन बंद, लाइन बंद" ऐकू यायचं, आणि त्यामागोमाग लांबलचक गप्पा. लहानपणी विहिरीत कोण पडलं होतं, आईचं पिठलं कुणाच्या हाताला येतं, असलं काहीतरी. पंख्याचा विषय क्वचित. भास्करराव गल्लीत दिसेनासे झाले. मास्तरांनी मला विचारलंसुद्धा, की उचकी वाढली आहे, डॉक्टर कुठं आहेत.

मला मात्र ते पातं टोचत होतं. चारांपैकी तीन बरोबर येणारी गोष्ट मी सोडून देऊ शकत नाही. एका सकाळी भास्करराव शेवटची थेंबांची बाटली आणायला औषधाच्या दुकानात गेलेले बघून मी आमची शिडी घेऊन त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, येईपर्यंत दुरुस्त करून ठेवावं. आक्का खाटेवर लसूण सोलत बसली होती. मी मीटरपाशी जाऊन लाइन बंद केली, चढलो, स्क्रू तपासला. सैल होता, हवा तेवढाच. स्प्रिंग जागेवर होती. मग पात्याच्या मुळाशी बोट घातलं तर काहीतरी मऊ लागलं.

कापूस होता. छोटी गोळी करून सांध्यात दाबून बसवलेला. पांढऱ्या पंख्यात पांढरा, खालून कुणाला दिसू नये असा. तो आपोआप तिथं जाणं शक्य नव्हतं.

मी ती गोळी चिमटीत धरून उजेडाकडं केली.

"घावला का?" खालून आक्कानं विचारलं.

मी खाली बघितलं. ती लसूणच सोलत होती.

"माझ्या थेंबाच्या डब्यातला हाय," ती म्हणाली. "रोज जरा जरा कमी व्हायचा. मला वाटलं उंदीर न्यायलाय. मग एक दिवस पडल्या पडल्या वर नजर गेली. डोळा आता चांगला झालाय बापू, छतावरची पालबी मोजते मी."

"मग तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"काय बोलू? राहा म्हनून त्याला तोंडानं म्हनता येत न्हाई. लहानपनापासून असाच हाय." तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "होता तिथं ठेवा तो. नीट दाबून."

मी ठेवला. माझा हात जरा कच्चा आहे, पण त्या वेळी व्यवस्थित दाबला. शिडी उतरून लाइन चालू करतो न करतो तोच भास्करराव दारात. शिडी बघून त्यांचा चेहरा उतरला. हातातली औषधाची पिशवी त्यांनी छातीशी धरली.

"काय... झालं का दुरुस्त?"

"नाही," मी म्हणालो. "स्प्रिंगच बदलावी लागेल. मागवावी लागेल."

"मी म्हनलो नव्हतो?" भास्करराव एकदम सावरले. "पोटातलं दुखनं हाय ते. वरून न्हाई कळायचं."

"किती दिस लागतील, बापू?" आक्कानं विचारलं.

अंदाजे उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. पण मी म्हणालो, "काही सांगता येत नाही. असे भाग लवकर मिळत नाहीत."

"मग भास्कर, गावाकडं फोन लाव. म्हशीचं बघायला सांग आजून."

भास्कररावांनी औषधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि तिथंच उभ्या उभ्या चारठाण्याला फोन लावला. पलीकडच्या चुलत भावाला कमी ऐकू येत असावं, किंवा भास्कररावांना आवाज आवरत नसावा.

"म्हैस राहू द्या तुमच्याकडंच," ते ओरडले. "आक्काचं आत्ता यायचं जमत न्हाई. पंखा बिघडलाय."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"म्हशीचा अन् पंख्याचा संबंध तुमाला न्हाई कळायचा," ते म्हणाले. "टेक्निकल हाय."

आक्कानं लसणाची टरफलं पदरातून झटकली, उशी सरळ केली आणि त्या दिव्याखाली भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.