बाळूअण्णाचं बॅकस्पेस

आमच्या खासबाग वस्तीत बाळूअण्णाच्या घरचा चहा फुकट मिळत नाही. आधी त्याच्या कॉम्प्युटरवर बॅकस्पेस दाबावं लागतं. दूधवाला, गॅसवाला, वर्गणी मागायला आलेली गणपतीची पोरं, सगळ्यांनी दाबलंय. वर अण्णाचा हुकूम, "मोड की! मोडून दाखव!"

प्रकरण असं. हल्ली शब्दकोशासारखी पुस्तकं एक्सएमएल नावाच्या प्रकारात ठेवतात. हा शब्द, हा अर्थ, हे उदाहरण, अशा खुणा टोकदार कंसांत घालून. एक कंस पुसला की फाईल उघडायचं नाव घेत नाही. अण्णानं ब्राउझरमध्ये एडिटर बांधायला घेतला. माणसानं कागदावर लिहावं तसं लिहायचं, कंस खाली आपोआप बनत राहणार. घोडं अडलं ते बॅकस्पेसपाशी. अर्थाच्या सुरुवातीला ते दाबलं की अर्थ वरच्या शब्दात घुसायचा आणि सगळा घोळ.

अण्णा विणकराचा मुलगा. लग्नात बायकांचे पदर उलटून बघतो आणि बोलणी खातो. "खालनं धागं नीट असलं तरच वरची नक्षी टिकतीया. एडिटरचंबी तसंच," हे त्याचं म्हणणं.

बंगळूरच्या कंपनीची मोठी ऑर्डर असणार, असं मी गल्लीभर सांगत होतो.

परवा माझ्यासमोरच त्यानं थोरल्या बहिणीला, आक्काला, खुर्चीवर बसवलं. त्या घरात राहतात ही दोघंच. आक्का एका प्रेससाठी शब्दकोशाची प्रुफं तपासते. प्रेसनं कागद बंद करून त्या कंसांच्या फायली पाठवल्या आणि पहिलीच फाईल तिच्या हातून मोडली. "माझ्याच्यानं हुईत न्हाय, बास झालं आता," म्हणून तिनं काम बाजूला ठेवलं होतं.

आक्कानं चष्मा लावला, अर्थाच्या सुरुवातीला गेली आणि बॅकस्पेस दाबलं. दाबतच राहिली. पण अर्थ जागचा हलला नाही.

"मोडलं न्हाय रं, बाळू," म्हणत ती पुढचा शब्द तपासायला लागली.

मला एवढा अभिमान वाटला, जणू अर्धा एडिटर मीच बांधलाय. "अण्णा, कंपनीला कळवून टाक!"

"कुठली कंपनी रं?" आक्काला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळूच बोलला. "काम सुटलं तशी ही गप बसाय लागली. आधी दिवसभर माझ्या बोलण्यातल्याबी चुका काढायची. घर लई सुनं झालतं रं."